तळघर सजवण्याआधी वरची खोली रिकामी करा

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीतल्या सॉमरसेट काउंटीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीच्या लग्नाला आठ महिने झालेत. घर १९५८ सालचं, केप कॉड पद्धतीचं, नवऱ्याने लग्नाआधी घेतलेलं. तळमजल्यावर एक बेडरूम, एक बाथरूम आणि एक छोटी खोली, जी नवऱ्याचं ऑफिस आहे. वर उतरत्या छपराखाली एक खोली, ती लग्नातल्या भेटवस्तूंच्या खोक्यांनी भरलेली. आणि खाली उघड्याबोडक्या काँक्रीटचं बेसमेंट. जूनमध्ये सासू-सासरे पुण्याहून पाच महिन्यांसाठी येणार. त्यांच्यासाठी बेसमेंटमध्ये 'छान स्वतंत्र खोली' करायची असं ठरलंय. कॉन्ट्रॅक्टरने ४२ हजार डॉलर सांगितले, बाजूला ठेवलेले आहेत ९ हजार. नवरा म्हणतो, यूट्यूब बघून शनिवार-रविवारी आपणच करू, परमिटच्या फंदात पडायला नको, आणि आई-बाबा परत गेले की खोली भाड्याने देऊन पैसे वसूल करू. मैत्रीण एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या पत्नीचा) आहे, नोकरी नाही. ती लिहिते, "पैसे त्याचे आहेत, त्यामुळे मी फार बोलत नाही. पाऊस झाला की खाली कुबट वास येतो आणि एका भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, पण तो म्हणतो जुन्या घरांना वास असतोच. सासूबाईंच्या गुडघ्यांची मला थोडी काळजी वाटते. ९ हजारांत जूनपर्यंत बेसमेंट होईल का? काटकसर नेमकी कुठे करावी?"

---

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉलर वाचले, दुसऱ्यांदा गुडघे. गुडघे आणि पांढरी भुकटी या दोन्ही गोष्टी तू शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेस. माझ्या मते खरं पत्र तेवढंच आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाथरूम तळमजल्यावर आहे आणि त्यांना झोपवायचं तळघरात. रात्री दोन वाजता जाग आली की त्या बेसमेंटचा जिना चढणार. जुन्या केप कॉडमधला तो जिना मला न बघताही माहीत आहे: उभा, अरुंद, कठडा एकाच बाजूला आणि वर चढताना डोकं वाकवायला लावणारा. एकदा नाही, पाच महिने. ही खोली 'त्यांच्यासाठी' म्हणून ठरली खरी, पण त्यांना कुणी विचारलंय का?

बेसमेंटचा विचार का आला असेल, तेही मला कळतं. तू लिहिलेलं नाहीस, कुणीच लिहीत नाही. लग्नाला आठ महिने झालेत, घराच्या भिंती पातळ, आणि सासू-सासरे शेजारच्या खोलीत. तुम्हा दोघांना मोकळेपणा हवाय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मोकळेपणा हवाय तुम्हाला, तर हलायचंही तुम्हीच. तुमची तळमजल्यावरची बेडरूम आई-बाबांना द्या, बाथरूम दोन पावलांवर. वरच्या खोलीतली खोकी काढा आणि तुम्ही दोघं वर जा. छपराखालची खोली जुलैत भट्टीसारखी तापते, तर खिडकीत बसवायचा एसी घ्या. दोन-तीनशे डॉलरला मिळतो. आई-बाबांची खोली झाली की तयार, एका शनिवारात. जूनची टांगती तलवारही गेली.

आता बेसमेंट. ते करायचंच नाही असं मी म्हणत नाही, फक्त क्रम बदल म्हणते. भिंतीवरची भुकटी म्हणजे आपल्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीला लागतो तो लोणा. बाहेरच्या मातीतलं पाणी काँक्रीटमधून आत झिरपतं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. म्हणजे ती भिंत पाणी पिते आहे. तिच्यासमोर लाकडी सांगाडा उभारून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) ठोकलं तर ओल थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. मग मागे काळी बुरशी वाढत राहते आणि दोन वर्षांनी सगळं उखडावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९९ च्या मे महिन्यात आम्ही आमच्या बेसमेंटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातला. अकराशे डॉलर गेले, तेव्हा आमच्यासाठी ती फार मोठी रक्कम होती. त्या वर्षी गणपतीही हौसेने खालीच बसवला. गणपतीतच, १६ सप्टेंबरला, फ्लॉइड चक्रीवादळ आलं. रॅरिटन नदीने बाउंड ब्रुक बुडवलं, ते तुमच्या भागातले जुने लोक अजून सांगतात. आमचं घर नदीपासून लांब, त्यामुळे आम्ही निर्धास्त. रात्री वीज गेली. वीज गेली म्हणजे संप पंप (तळघरातल्या खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, जमणारं पाणी बाहेर फेकणारा) बंद, हे तोवर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आरतीचं निरांजन आणायला खाली गेले तर पायाखाली गालिचा पचपच वाजला. ह्यांनी मूर्ती उचलून वर आणली, मागोमाग मी पाट. थर्मोकोलचं मखर सकाळी खोलीभर तरंगत होतं. विम्याच्या कागदांत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की पुराचं पाणी आणि पंप बंद पडून चढलेलं पाणी, दोन्ही आमच्या पॉलिसीत नाही. तुमच्या पॉलिसीतही बहुधा नसेल. पुराचा विमा वेगळा असतो, आणि पंपाचं कलम जादा पैसे भरून जोडून घ्यावं लागतं. आजच विचारून ठेव.

तर पहिले पैसे बेसमेंटच्या आत नव्हे, घराबाहेर घालायचे. हिशेब बघ. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की साधारण २,३५० लिटर पाणी होतं. आपल्याकडच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल एवढं. ते पन्हळीतून, म्हणजे तुमच्या गटरमधून, खाली येतं आणि पाइप जर घराच्या कोपऱ्याशीच संपत असेल तर सगळं पायाशी ओतलं जातं. पुढच्या जोराच्या पावसात दोघंही छत्री घेऊन बाहेर पडा आणि घराला एक प्रदक्षिणा घाला. गटर पानांनी तुंबून कुठे ओसंडतंय, पाइप कुठे सुटलाय, डबकं कुठे साचतंय, सगळं दिसेल. लोणा लागलेली भिंत त्याच बाजूला निघाली तर मला मुळीच नवल वाटणार नाही. पाइपला जोड लावून पाणी सहा-आठ फूट लांब सोडायचं, त्याला कोपऱ्यामागे वीसेक डॉलर पुरतात. घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतरती असावी, म्हणजे पाणी घराकडे न येता घरापासून दूर जातं. माती आणून तो उतार करायला पैसे कमी आणि पाठ जास्त लागते. बेसमेंटमधली ओल बऱ्याचदा एवढ्यानेच पुष्कळ कमी होते. हे सगळं न करता आत येऊन भिंतीला 'वॉटरप्रूफ' रंगाचे डबे फासणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

आतली ओल जमिनीतून येते की हवेतून, हे फुकटात कळतं. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक काँक्रीटच्या जमिनीवर ठेव, चारही कडा टेपने घट्ट चिकटव, दोन दिवस विसरून जा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब आले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर पाणी जमिनीतून वर येतंय. वरच्या बाजूला ओल असेल, तर दोष हवेचा. एक तुकडा भिंतीवरही लाव.

हवेचा दोष असेल तर आपली मराठी सवय इथे आडवी येते. कुबट वास आला की आपण म्हणतो, खिडक्या उघडा, हवा खेळू दे. जुलैत जर्सीतल्या बेसमेंटची खिडकी उघडलीस तर बाहेरची दमट हवा आत येऊन त्या गार भिंतींवर टिपूस धरेल, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसं. उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, चालू. मोठा अडीचशे डॉलरच्या आसपास मिळतो. त्याची नळी थेट संपमध्ये सोड, नाहीतर बादली ओतायचं काम तुझ्याच गळ्यात पडेल. सोबत दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक घे आणि आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली ठेव.

भिंतीआधीची दुसरी गोष्ट रेडॉन. हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, रंग नाही, वास नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर याचाच नंबर लागतो. तुमची काउंटी सरकारी नकाशात सर्वाधिक धोक्याच्या गटात आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात १९८४ च्या डिसेंबरात लिमरिक अणुवीज केंद्रातल्या स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरमुळे किरणोत्साराचा भोंगा वाजायला लागला. केंद्राची व्यावसायिक वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती! शोध घेतला तर तो किरणोत्सार त्याच्या घरातल्या रेडॉनचा होता, तळाच्या खडकांतून वर आलेला. त्या खडकांचा पट्टा न्यू जर्सीतही आलाय. चाचणीचं किट वीसेक डॉलरला मिळतं, दारं-खिडक्या बंद असताना लावायचं असतं, त्यामुळे थंडीचे दिवस उत्तमच. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) वर आला तर पाइप आणि पंखा बसवून वायू छपराबाहेर सोडतात, साधारण हजार-दीड हजारांचं काम. फरशी घालून झाल्यावर ती फोडून पाइप घालण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि एक विचारते: खाली काँक्रीटच्या जमिनीवर कुठे नऊ इंची चौकोनी टाइल्स उरल्या आहेत का? त्या काळच्या घरांत बऱ्याचदा असतात आणि त्यांत किंवा खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुमच्याच काउंटीतलं मॅनव्हिल हे गाव जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉस कंपनीच्या नावाने वसलंय, इतका तो तुमच्या भागातला घरचा माल. टाइल्स शाबूत असतील तर धोका फारसा नाही. खरवडायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, वरून झाकायच्या. नवऱ्याने यूट्यूब बघून पत्रा घेऊन खरवडायला घेतलं तर त्याचा हात धर.

यूट्यूबला मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी असतं तर बरं झालं असतं. पण प्लास्टिक, मग दोन-बाय-चारच्या लाकडाचा सांगाडा, त्यात गुलाबी काचलोकर आणि वर ड्रायवॉल, अशी जी सगळ्यात स्वस्त कृती सापडते, ती गार काँक्रीटच्या भिंतीला नको. लोकर ओल धरून बसते. काँक्रीटला थेट फोमचे कडक बोर्ड चिकटवायचे, सांधे टेपने बंद करायचे, त्याच्या आत सांगाडा, खालची आडवी पट्टी औषध दिलेल्या लाकडाची, आणि ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर. फोम उघडा ठेवायचा नाही, आगीत तो भडकतो. काटकसर रंगात करा, दिव्यांत करा, फर्निचरमध्ये करा. हा थर मात्र स्वस्तातला नको.

परमिटबद्दल. न्यू जर्सीत स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात मालकाला पुष्कळसं काम स्वतः करता येतं, पण बेसमेंट फिनिश करायला परमिट लागतं. त्याला वाटतं परमिट म्हणजे दंड. मला वाटतं, काहीशे डॉलरात एक अनुभवी माणूस येऊन तुमच्या वायरी तपासून जातो, याहून स्वस्त सल्ला मिळणार नाही. घर विकताना बिनपरमिटचं काम उघडं पडतं, तेव्हा होणारी धावपळ मी मैत्रिणीच्या घरी पाहिली आहे. टाउनशिपला, म्हणजे तुमच्या गावच्या पालिकेला, फोन तू कर. दिवसा घरी तू असतेस, आणि ते लोक फोनवर वाटतात त्यापेक्षा बरे बोलतात. कॉन्ट्रॅक्टरला थोडं जरी काम दिलंत, तरी राज्याकडे त्याची नोंदणी आहे ना बघा. पाचशे डॉलरच्या वरचा करार लेखी हवा, तसा कायदाच आहे.

खाली झोपायची खोली करायची तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. उघडी जागा निदान ५.७ चौरस फूट, आणि तिचा काठ जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. तुमच्या छताजवळच्या चिंचोळ्या झरोक्यांतून मांजर बाहेर पडेल, माणूस नाही. मोठी खिडकी करायची म्हणजे पाया कापायचा, तिथेच तुमच्या ९ हजारांतले निम्मे गेले. भाडेकरूचा विचारही याच कारणासाठी सोडून दे म्हण त्याला. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात एकट्या न्यूयॉर्क शहरात बेसमेंटच्या घरांत ११ जण बुडून गेले. टाउनशिपची परवानगी, विमा, हे प्रश्न त्याच्या नंतरचे.

मग ९ हजारांचं काय करायचं? या वर्षी बेसमेंटच्या भिंतींना हात लावू नका. बाहेरचं पाणी, डीह्युमिडिफायर, रेडॉन, पंपाला बॅटरी आणि इलेक्ट्रिशियनकडून दोन-चार चांगले दिवे आणि प्लग, यात अंदाजे साडेतीन-चार हजार जातील. आकडे मागेपुढे होतील, पण दुप्पट होणार नाहीत. छताच्या तुळया आणि पाइप झाकू नका, सगळं एकाच गडद रंगात रंगवा. छत उंच वाटतं आणि नळ गळला तर लगेच दिसतो. जमिनीवर उचलून वाळवता येतील अशा सतरंज्या घाला. चिकटवलेला गालिचा नको, माझ्या मखराची शपथ. सोफा, टेबल, कपाट हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी या संस्थेच्या रीस्टोअरमधून (वापरलेलं सामान स्वस्तात विकणारं दुकान) नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवरून आणा. फक्त कापडी सोफा घेताना उलटा करून शिवणींत ढेकूण बघा. बाबांना दुपारी क्रिकेट बघायला, तुम्हाला मित्रांना बोलवायला जागा झाली. हीटर आणि पाणी तापवायच्या टाकीभोवती काही रचू नका, त्यांना हवा लागते. तिथे धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. उरलेले पाच हजार बँकेत राहू देत. आई-बाबा इथे असताना कुणाला इस्पितळात न्यावं लागलं तर ड्रायवॉल गहाण ठेवता येत नाही.

आता 'पैसे त्याचे आहेत'. व्हिसाच्या नियमाने तुला पगार नाही, तो तुझा निर्णय नाही. तू दिवसभर घरात असतेस म्हणून तुला वास येतो, तो दिवसभर बंद खोलीत मीटिंगमध्ये असतो म्हणून त्याला येत नाही. घराची जास्त माहिती ज्याला आहे, त्याने बोलायचं. 'मला वाटतं' असं म्हणून सुरुवात करू नकोस, त्यावर 'तुला काय कळतं' येऊ शकतं. एक वही घाल. तारीख, पाऊस किती, कुठली भिंत ओली, आर्द्रता किती. तीन आठवड्यांनी ती त्याच्यासमोर ठेव आणि म्हण, "आपल्या नऊ हजारांतले आधी इथे घालूया." 'आपल्या' हा शब्द गिळू नकोस. तो ऐकणारा असेल असं मला पत्रावरून वाटतं. आई-बाबांसाठी स्वतःच्या हाताने खोली बांधायला निघालेला मुलगा वाईट नसतो, उतावीळ असतो. घाम गाळायची हौस असेल तर त्याला आधी घराभोवतीची माती ओढू दे. शनिवार-रविवार पुरणार नाहीत.

तुम्ही वर झोपणार हे सासूबाईंना आत्ताच फोनवर सांग. त्या "अगं, तुमची खोली कशाला, आम्ही कुठेही झोपू" असं तीनदा म्हणतील. तीनही वेळा ऐकून घे आणि बेत बदलू नकोस.

प्लास्टिकच्या कोणत्या बाजूला पाणी आलं, तेवढं मला कळव. त्यावर पुढचं ठरेल.